रपट्यातले लाकूड आणि दोन अमेरिका

लोकशाही टिकवायची असेल तर माणसाला एक भरवशाचा विरोधक लागतो. मित्र बदलले तरी निभावते, व्याही बदलले तरी घर सावरून घेते. पण ज्याच्या दारावरून जाताना मान फिरवायची, तो माणूस सारखा बदलता कामा नये. मान दुखते.

जामच्या चौफुलीपासून पाच किलोमीटर आत असलेल्या पळसमोहा या गावाची अडचण नेमकी हीच होती. आपल्या राज्यात मध्यंतरी एका पक्षाचे दोन झाले, दुसऱ्याचेही दोन झाले, मग या दोनांतल्या एकाने त्या दोनांतल्या एकाशी घरोबा केला आणि उरलेल्या दोघांनी आपसात केला. शहरातल्या लोकांना हे टीव्हीवर पाहून भागते. खेड्यात ते अंगावर येते. चिंधू नावाचा शेतकरी पक्षापायी सख्ख्या साडूशी तीन वर्षे बोलत नव्हता. एका सकाळी त्याला कळले, की आपण दोघे कालपासून एकाच आघाडीत आहोत. तीन वर्षांचा अबोला फुकट गेला. (अशा अबोल्याची नुकसानभरपाई देण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही. चिंधूने तहसीलमध्ये चौकशी केली होती.)

या संकटातून गावाला बाहेर काढले ते सदाशिवरावांनी. सदाशिवराव म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक; सारा गाव त्यांना मास्तर म्हणतो. त्यांचा मुलगा प्रफुल अमेरिकेत टेक्सासला असतो. मास्तर त्याच्याकडे सहा महिने राहून आले आणि हनुमान मंदिराच्या पारावर त्यांनी सविस्तर अहवाल सादर केला. अहवालाचा सारांश असा, की अमेरिकेत मोठे पक्ष दोनच असून दीडशेहून जास्त वर्षे तेच दोन आहेत. तिथला माणूस कोणाचा तिरस्कार करायचा हे एकदा ठरवतो आणि मग जन्मभर निश्चिंत असतो. एका पक्षाने सूर्य पूर्वेला उगवतो असे म्हटले, की दुसऱ्याला पश्चिमेचा विचार करायला वेळही लागत नाही. लोक हे ऐकून भारावले. इतकी स्थिरता त्यांनी कापसाच्या भावातसुद्धा कधी पाहिली नव्हती.

तेव्हा अमेरिकी पद्धत स्वीकारायची असे ठरले. नावे मात्र जशीच्या तशी घेता येईनात. रिपब्लिकन हे नाव, हत्ती हे चिन्ह आणि निळा रंग आपल्याकडे आधीच दुसऱ्यांचे आहेत, आणि गाढव हे चिन्ह घ्यायला कोणी पुढे येईना. अखेर पीठगिरणीवाल्या अनुसयाबाईंनी तोड काढली. त्यांची मुलगी रुचिका कॅलिफोर्नियात असते. मास्तरांचे ते टेक्सास, बाईंचे ते कॅलिफोर्निया. गावातून जाणाऱ्या एकमेव रस्त्याच्या उजव्या हाताची घरे टेक्सासला दिली आणि डाव्या हाताची कॅलिफोर्नियाला. कोणाला काय वाटते हे विचारण्यात वेळ गेला नाही, कारण कोणत्या पक्षाला काय वाटते हे आधीच ठरलेले असते. माणसाने फक्त घर कुठल्या बाजूला आहे ते पाहायचे.

मतदार एकूण तीनशे बेचाळीस. टेक्सास एकशे सत्तर, कॅलिफोर्निया एकशे सत्तर. उरले दोन.

हे दोन म्हणजे किसनराव आणि त्यांच्या पत्नी जयवंताबाई. त्यांचे घर रस्ता जिथे संपतो तिथे, अगदी मधोमध, रस्त्याकडे तोंड करून उभे आहे. ते उजवीकडे ढकलता येईना आणि डावीकडेही. जयवंताबाईंना मोतीबिंदूमुळे सदस्यत्वाचा फॉर्म वाचता येत नव्हता, म्हणून त्यांना तांत्रिक कारणास्तव मोजणीतून वगळण्यात आले. राहता राहिले किसनराव. सहा एकर कपाशी, एक बैलजोडी आणि मितभाषी स्वभाव यापलीकडे ज्यांच्या नावावर काही नव्हते, ते किसनराव एका दिवसात पळसमोह्याचे जनमत झाले.

किसनरावांना जनमत होण्याची हौस नव्हती. त्यांना वेगळाच घोर लागला होता. जयवंताबाईंचा डावा डोळा लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी कपाशीच्या पऱ्हाटीची काडी लागून गेलेला. उजव्यावर चाळीस वर्षे संसार झाला, आणि आता त्यातही पडदा आला. गोठ्यात त्या बैलांच्या तोंडावरून हात फिरवून कोणता कोणता ते ओळखत. किसनराव दारात उभे असले तरी त्यांना आधी खाकरावे लागे. ते खाकरणे किसनरावांच्या जिवाला लागत असे, पण बोलून दाखवण्याची त्यांची रीत नव्हती. चार महिने खेटे घातल्यावर हिंगणघाटच्या एका दवाखान्यात शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती. भाद्रपदातला एक गुरुवार. तो हुकला तर पुढची तारीख दिवाळीनंतर, आणि तोवर मोतीबिंदू पिकून डोळा हाती लागेलच असे नाही, असे डॉक्टर म्हणाले होते.

हिंगणघाटला जायचे तर जामला जावे लागते, आणि जामला जायचे तर गावाबाहेरचा रपटा ओलांडावा लागतो. रपटा म्हणजे नाल्यावर टाकलेला ठेंगणा सिमेंटचा रस्ता. पाणी त्याखालच्या तीन नळ्यांतून जाते. आषाढातल्या पुरात बाभळीचे एक अजस्र खोड वाहत आले आणि नळ्यांच्या तोंडाशी आडवे फसले. तेव्हापासून पाणी नळ्यांतून जाण्याऐवजी वरून जाऊ लागले. नाल्याच्या वरच्या अंगाला, सिंदीकडे आभाळ भरून आले, की पळसमोह्यात रपटा बुडे.

लाकूड काढले पाहिजे, हे उघड होते. अडचण तिथेच होती.

पहिला ठराव आषाढातच कॅलिफोर्नियाने आणला. अनुसयाबाई म्हणाल्या, नाल्याचा प्रवाह मोकळा करणे हा पर्यावरणाचा प्रश्न आहे, सबब लाकूड काढावे. पर्यावरण हा शब्द येताच टेक्सासने विरोध केला. (टेक्सासवाले याआधीच सौर पंपाच्या विरोधात होते. काहींनी तर तत्त्व म्हणून उन्हात वाळवण घालणेही थांबवले होते.) पुढे श्रावणात टेक्सासने स्वतःचा ठराव आणला. मास्तर म्हणाले, हा रस्ता आपल्या व्यापाराचा आणि स्वातंत्र्याचा प्रश्न आहे, सबब लाकूड काढावे. यावर कॅलिफोर्नियाने अशी भूमिका घेतली, की बाभळीच्या खोडात आता बेडकांची वस्ती झाली असून त्यांचे पुनर्वसन झाल्याशिवाय हात लावू देणार नाही. लाकूड तेच होते. ठरावातला मजकूर तर अनुसयाबाईंच्या ठरावाचाच होता. मास्तरांनी फक्त शुद्धलेखन सुधारले होते.

तरी लोकशाही थांबली नाही. समीक्षा नावाची मुलगी हिंगणघाटच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकते. तिने प्रकल्प म्हणून दर सोमवारी जनमत चाचणी सुरू केली. तिचे निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागत. त्यांतले काही येथे देणे उपयुक्त ठरेल.

लाकूड काढावे असे वाटणारे टेक्सासवाले : ९४ टक्के.

लाकूड काढावे असे वाटणारे कॅलिफोर्नियावाले : ९४ टक्के.

‘दुसरी बाजू म्हणते लाकूड काढा, तुमचे काय मत?’ या प्रश्नावर काढावे म्हणणारे : दोन्हीकडे ६ टक्के. (हे सहा टक्के म्हणजे ज्यांना ऐकू कमी येते ते.)

ग्रामसभा निकामी आहे असे मानणारे : ८९ टक्के. आपल्या बाजूचा सदस्य पुन्हा निवडून द्यावा असे मानणारे : ९५ टक्के.

यावरून जनमत स्पष्ट होते, आणि ग्रामसभा जनमताचाच कौल पाळत होती. तिला दोष देण्यात अर्थ नाही.

उरलेला वेळ इतर राष्ट्रीय प्रश्नांवर जाई. बंदुकीच्या हक्कावर तीन बैठका झाल्या. (गावात बंदूक नाही. रानडुकरे हाकलायला पाइपात कार्बाइड भरून जो आवाज काढतात, त्याला गन म्हणतात; टेक्सासने तिला मूलभूत हक्क मानले आणि कॅलिफोर्नियाने तिच्यावर निर्बंध मागितले. डुकरांनी दोन्ही बाजूंची कपाशी सारखीच खाल्ली.) सीमेवर भिंत असावी का, यावर मतदान झाले, सीमा कोणती हे पुढच्या बैठकीवर ठेवले. न्हावी एकच असल्याने सोम, बुध, शुक्र टेक्सासची हजामत आणि मंगळ, गुरू, शनि कॅलिफोर्नियाची असे वाटप झाले. रविवारी तो किसनरावांसाठी मोकळा असे.

कारण किसनरावांकडे दोन्ही बाजू रोज येत. एकशे सत्तर आणि एकशे सत्तर यांच्यामध्ये ते एकटे उभे होते. सकाळी मास्तर येऊन कर कमी असावेत की कसे, हे विचारत. दुपारी अनुसयाबाई येऊन ध्रुवाजवळच्या बर्फाबद्दल विचारत. किसनराव दोघांनाही चहा देत आणि दोघांनाही एकच सांगत, की गुरुवारी बायकोचे ऑपरेशन आहे, तेवढे रपट्यातले लाकूड काढा. समीक्षाच्या फॉर्मवर (अ), (ब) आणि ‘(क) सांगता येत नाही’ एवढेच पर्याय असत. लाकडाला रकाना नव्हता. ती दर वेळी (क) वर खूण करी आणि फळ्यावर लिही, की निर्णायक मतदाराचा कल अजून अस्पष्ट आहे.

गुरुवार दहा दिवसांवर आला तेव्हा किसनरावांचा धीर सुटला. ते मास्तरांकडे गेले आणि म्हणाले, की मी तुमच्या बाजूने येतो, लाकूड काढा. मास्तरांना गहिवरून आले. एकशे एकाहत्तर विरुद्ध एकशे सत्तर, बहुमत झाले. ग्रामसभा बोलावली. ठराव मांडला. तेवढ्यात कॅलिफोर्नियाकडून चिंधू बोलायला उभा राहिला.

अमेरिकेतल्या वरच्या सभागृहात असा नियम आहे, की बोलणाऱ्याला थांबवायचे तर शंभरात साठ जण तरी लागतात. नुसते बहुमत असून भागत नाही. पळसमोह्याने हा नियम आदराने उचलला होता. चिंधू सकाळी दहाला उभा राहिला तो दिवेलागणीपर्यंत बोलला. त्याने आपल्या म्हशीची चारही बाळंतपणे सांगितली. कीटकनाशकाच्या बाटलीवरच्या सूचना तीन भाषांत वाचल्या. साडूची बाजू (साडू टेक्सासमध्ये होता) इतक्या तपशिलाने मांडली, की साडूही मधून मधून दुरुस्त्या सुचवू लागला. मधल्या वेळेत लाकडापाशी जाऊन ते काढून परत येणे चार वेळा झाले असते. पण सभा सोडून जाणे नियमात बसत नव्हते.

निर्णय न झाल्याने नियमाप्रमाणे ग्रामपंचायत बंद पडली. अमेरिकेत याला शटडाऊन म्हणतात. कार्यालयाला कुलूप लागले, काम ठप्प झाले आणि जनजीवन विस्कळीत झाल्याचे दोन्ही पक्षांनी जाहीर केले. गावाला ते सहाव्या दिवशी कळले.

बुधवारी सकाळी पाऊस उघडला. किसनरावांनी बैल सोडले, विहिरीवरची साखळी खांद्यावर टाकली आणि ते नाल्यावर गेले. पाणी मांडीभर होते. खोडाला साखळीचे दोन वेढे दिले, बैल काठावर चढवले आणि तोंडाने आवाज काढला. खोड प्रथम हलले नाही; मग एका बाजूने वळले आणि चिखलातून आवाज करत बाहेर आले. तिन्ही नळ्या एकदम वाहू लागल्या. लागलेला वेळ : एक तास दहा मिनिटे. (या विषयावर ग्रामसभेने दिलेला वेळ : एकोणचाळीस तास.)

किसनरावांनी इथे एक चूक केली, आणि ती त्यांच्यासारख्या माणसाच्याच हातून होण्यासारखी होती. खोड घरी नेऊन फोडले असते तर दोन उन्हाळ्यांचे जळण झाले असते. पण गावाच्या नाल्यातले लाकूड गावाचे, आपण कसे न्यावे, म्हणून त्यांनी ते काठावरच ठेवले.

गुरुवारी पहाटे दोघे कोरड्या रपट्यावरून जामला गेले. हिंगणघाटला शस्त्रक्रिया नीट झाली. शुक्रवारी सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली, काळा चष्मा दिला आणि बजावले, की पंधरा दिवस डोळ्याला पाणी लागता कामा नये, घसरून पडणे, धक्का बसणे तर मुळीच नको. जयवंताबाईंनी काळ्या चष्म्यातून आधी नवऱ्याकडे पाहिले. “लयच म्हातारे झाले तुमी,” त्या म्हणाल्या. किसनरावांना खाकरायची गरज पडली नाही. त्यांना इतके बरे वाटले, की त्यांनी बसस्टँडवर बायकोला पावशेर पेढे घेऊन दिले आणि ते रस्त्यात दोघांनी संपवले.

इकडे पळसमोह्यात परिस्थिती गंभीर होती.

नळ्या वाहताना प्रथम चिंधूने पाहिल्या. बातमी पसरली आणि दोन्ही पक्षांवर आभाळ कोसळले. पंचायतीची निवडणूक तोंडावर होती. टेक्सासच्या जाहीरनाम्यात पहिले कलम होते : आम्ही लाकूड काढू. कॅलिफोर्नियाच्या जाहीरनाम्यात पहिले कलम होते : आम्हीच लाकूड काढू. दोन्ही जाहीरनामे वर्ध्याहून रंगीत छापून आले होते आणि दोन्हींवर लाकडाचा फोटो होता. लाकूड नाल्यात नसेल तर ते काढण्याचे वचन कसे पाळायचे, हा प्रश्न कोणत्याही विचारसरणीच्या पलीकडचा होता.

समीक्षाने तातडीची चाचणी घेतली. लाकूड निघाले हे बरे झाले का, या प्रश्नावर लोक आधी उलट विचारत, की काढले कोणी, टेक्सासने की कॅलिफोर्नियाने. किसनरावांनी, म्हटल्यावर विचारत, की कोणाच्या सांगण्यावरून. कोणाच्याच नाही, म्हटल्यावर ते फार अस्वस्थ होत. नापसंती चौऱ्याण्णव टक्क्यांवर गेली.

शुक्रवारी दुपारी मास्तर रस्ता ओलांडून अनुसयाबाईंच्या गिरणीत गेले. दोन वर्षांत हे प्रथमच घडत होते. दोघांनी एकत्र बसून ठराव लिहिला : सदर लाकूड हे ग्रामसभेपुढील प्रलंबित प्रकरण असून त्यास एका इसमाने परस्पर हात लावणे लोकशाहीस धरून नाही. अंतिम निर्णय होईपर्यंत लाकूड पूर्वीच्या जागी ठेवण्यात यावे. कुलूप उघडून सभा भरवली. बोलायला कोणी उभे राहिले नाही. ठराव एकमताने मंजूर झाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. साडूने चिंधूला तंबाखू दिली. कित्येकांना भरून आले. गाव असा एकत्र आलेला त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

लाकूड काढायला तीन महिन्यांत चार माणसे मिळाली नव्हती. परत ढकलायला चाळीस आली, वीस टेक्सासची आणि वीस कॅलिफोर्नियाची. खोडाची डावी बाजू डाव्यांनी धरली, उजवी उजव्यांनी. मास्तरांनी आणि बाईंनी मिळून नारळ फोडला. खोड तिन्ही नळ्यांच्या तोंडावर पूर्वीपेक्षा चांगले बसले. सिंदीकडे आभाळ काळे झाले होते. पाणी चढू लागले आणि अर्ध्या तासात रपट्यावरून वाहायला लागले.

त्याच वेळी पलीकडच्या काठावर ऑटो येऊन थांबला आणि त्यातून किसनराव आणि काळ्या चष्म्यातल्या जयवंताबाई उतरले. चाळीस माणसे अजून लाकडावर हात ठेवून उभी होती. किसनराव पाण्याकडे पाहत राहिले. गुडघाभर होते, वाढत होते आणि ओढ होती. एकटे असते तर ते आले असते. बायकोला घेऊन येणे शक्य नव्हते, आणि ऑटोवाला तर पाणी पाहून केव्हाच मागे वळला होता. जामला परत जायचे म्हटले तर पाच किलोमीटर चालत, वर पावसाचे थेंब सुरू झालेले. त्यांनी डोक्याचा दुपट्टा सोडून बायकोच्या कपाळावर डोळ्यापर्यंत धरला. त्यांना संताप आला होता, हे इथे नोंदवले पाहिजे, कारण फळ्यावर त्याला रकाना नाही.

“काऊन टाकलं रे बापा लाकूड परत?” त्यांनी पाण्यापलीकडून विचारले.

मास्तरांनी ठराव मोठ्याने वाचून दाखवला. एकमताने, हा शब्द त्यांनी दोनदा वाचला.

मग समीक्षा फॉर्म घेऊन पाण्याच्या कडेपर्यंत आली. प्रकल्पाची मुदत सोमवारी संपत होती. किसनरावांचे मत पुन्हा (क) मध्येच जाणार हे तिला ठाऊक होते. पण आता गावात एक नवीन मतदार पाहू शकत होती, आणि तिला अजून कोणी काही विचारले नव्हते. “आजी, तुमी सांगा,” ती म्हणाली. “हे असं झालं त्यात चूक कोनाची? (अ) टेक्सास, (ब) कॅलिफोर्निया का (क) सांगता येत नाई?”

जयवंताबाईंनी दुपट्टा जरा वर केला. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्यांना नाल्यापलीकडचा गाव इतका लख्ख दिसत होता. एकेक तोंड ओळखू येत होते. मास्तर, अनुसया, चिंधू, त्याचा साडू, न्हावी. सगळे ओले, दमलेले आणि समाधानी.

“पोरी,” त्या म्हणाल्या, “मले इतके दिवस वाटे का दोष माह्या डोयातच आहे.”

समीक्षाने फॉर्म वरून खाली पाहिला. मग (क) वर खूण केली.

वाचकांनाही हाच प्रश्न आहे आणि पर्यायही हेच आहेत. इथवर येईतो बहुतेकांनी खरी चूक कोणत्या बाजूची ते मनात ठरवून टाकले असेल, आणि आम्ही स्वतः कोणत्या बाजूचे तेही ताडले असेल. ज्यांचे उत्तर (अ) किंवा (ब) आहे, त्यांनी कृपया लगेच नाल्यावर यावे. पाण्याचा जोर वाढतो आहे आणि लाकूड दाबून धरायला दोन्ही बाजूंना माणसे कमी पडत आहेत. ज्यांचे उत्तर (क) आहे त्यांनी काठावर उभे राहून पाहावे. तिथे गर्दी बरीच आहे, पण सरकून जागा देतील.